उलटं झालेलं अस्तर

मिसळीची प्लेट समोर आली की पहिला घास घेण्याआधी एकदा तर्रीकडे नीट बघा. लाल तेलाचे छोटे छोटे गोल रश्श्यावर तरंगत असतात. चमच्याच्या टोकानं दोन गोल जवळ आणले की ते चटकन एक होतात. हे त्यांना कोणी शिकवलं? पाण्याला तेलाचा शेजार नको असतो. पाण्याचे रेणू आपापसात हात धरून उभे राहतात, तेलाला कडेला सारतात, आणि असं बाजूला पडलेलं तेल तेलाला बिलगतं. तुमच्या-माझ्या शरीरातली प्रत्येक पेशी शाबूत आहे ती पाण्याच्या या एका खोडीमुळे. आणि कर्करोगाच्या पेशीला हुडकून फोडू शकणारा चिमुकला रेणू आज संगणकावर ‘लिहिता’ येतो, तोही याच खोडीच्या भरवशावर!

पेशीभोवतीचं आवरण म्हणजे पेशीपटल. ते मेदाच्या रेणूंचं असतं, पण हे रेणू साध्या तेलासारखे एकजिनसी नसतात. प्रत्येकाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी हवंहवंसं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. असे कोट्यवधी रेणू पाण्यात सोडले तर बिचारे काय करतील? आपोआप दोन थरांत उभे राहतील. एका थराची डोकी बाहेरच्या पाण्याकडे, दुसऱ्याची आतल्या पाण्याकडे, आणि सगळ्यांच्या शेपट्या मधल्या कोरड्या जागेत. गवंडी नाही, सिमेंट नाही, आराखडा नाही, तरी भिंत तयार! जाडी सुमारे ५ नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे वीसेक हजार पदर मावतील.

हे दोन थर आहेत, हे कळलं कसं? १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर नावाचे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशी घेतल्या. तांबड्याच का? कारण सस्तन प्राण्यांच्या या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरं कुठलं पटल नाही. निघेल तो मेद सगळा बाहेरच्या आवरणाचा. तो मेद त्यांनी पाण्यावर पसरू दिला, अगदी तर्रीसारखा, पण एका रेणूइतका पातळ. मग त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट भरलं. म्हणजे आवरण दुपदरी! यातली खरी नवलाई पुढे आहे. त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या, हे नंतर कळलं. मेद पूर्ण निघाला नव्हता, आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी मोजलं गेलं होतं. एक चूक उत्तर लहान करणारी, दुसरी मोठं करणारी. दोघींनी एकमेकींना खोडलं आणि जीवशास्त्राला एक पायाभूत सत्य मिळालं.

आता या भिंतीच्या आत डोकावू. भिंत म्हटलं की आपल्याला स्थिर काहीतरी वाटतं. पण इथला मेदाचा एकेक रेणू आपल्या शेजाऱ्याशी जागांची अदलाबदल करत असतो, सेकंदाला जवळपास एक कोटी वेळा! पंढरीच्या वाटेवरच्या गर्दीसारखं आहे हे: माणसं सतत सरकतात, गर्दी मात्र सलग राहते. एवढा चुळबुळ्या रेणू एक गोष्ट मात्र जवळजवळ कधीच करत नाही. बाहेरच्या थरातून कोलांटी मारून आतल्या थरात जात नाही. जाणार कसा? पाण्यासाठी आसुसलेलं डोकं मधल्या तेलकट, कोरड्या पट्ट्यातून ओढून न्यावं लागेल. त्यामुळे आतला थर वेगळा आणि बाहेरचा वेगळा असं ठेवता येतं, जसं कोटाचं कापड वेगळं आणि अस्तर वेगळं.

आणि पेशी ते ठेवतेच. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक मेदरेणू आहे, आपण त्याला पीएस म्हणू. त्याच्या डोक्यावर ऋण विद्युतप्रभार असतो. निरोगी पेशी जवळजवळ सगळा पीएस अस्तराला, म्हणजे आतल्या बाजूला ठेवते. एखादा चुकून बाहेर आलाच, तर फ्लिपेज नावाची प्रथिनं त्याला पकडून परत आत फिरवतात आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च होते. बाहेरच्या थरातले बहुतेक मेदरेणू मात्र एकूण प्रभारानं तटस्थ असतात. एवढा खटाटोप कशासाठी? कारण पीएस बाहेर दिसणं ही एक पाटी आहे: ‘माझं आयुष्य संपलं, मला खाऊन टाका.’ मरायला टेकलेली पेशी ती पाटी लावते आणि सफाई करणाऱ्या भक्षक पेशी येऊन तिला गाजावाजा न करता गिळतात.

कर्करोगाच्या पेशीत हे अस्तर उसवतं. गाठीच्या आत प्राणवायूची टंचाई असते, कॅल्शियमचा तोल गेलेला असतो, फ्लिपेजची राखण ढिली पडते. अनेक कर्कपेशींच्या बाहेरच्या अंगावर पीएस दिसू लागतो, आणि पाटी लावूनही त्या मरत नाहीत. उलट ‘गाजावाजा नको’ हा पाटीचा अर्धा अर्थ त्यांच्या पथ्यावर पडतो. प्रतिकारशक्ती गप्प राहायला त्यानं मदत होते. त्यातच या पेशींच्या पृष्ठभागावरच्या साखरेच्या काही साखळ्याही ऋण प्रभार वाहतात. परिणाम असा, की निरोगी पेशी बाहेरून बरीचशी तटस्थ, आणि कर्कपेशी बाहेरून ऋण. डोळ्यांना न दिसणारा, पण विजेला जाणवणारा फरक!

मग या फरकाला चिकटणारं काही निसर्गानं बनवलं आहे का?

बनवलं आहे, बेडकाच्या कातडीत. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये मायकल झॅस्लॉफ हे संशोधक नख्या असलेल्या आफ्रिकी बेडकांची अंडी अभ्यासासाठी काढत. छोटी शस्त्रक्रिया, टाके, आणि बेडूक पुन्हा टाकीत. टाकीचं पाणी जंतूंनी भरलेलं. तरी जखमा चिघळत नसत. किती जणांनी हे पाहिलं असेल आणि पुढच्या कामाला लागले असतील! झॅस्लॉफ थबकले. त्यांनी कातडीतून दोन छोटे रेणू वेगळे केले आणि १९८७ मध्ये जगापुढे ठेवले. नाव दिलं मॅगेनिन. हिब्रू भाषेत ‘मॅगेन’ म्हणजे ढाल. जंतूंचं पटलही बाहेरून ऋण असतं आणि मॅगेनिन धन. ते जंतूंच्या पटलाला भोकं पाडतं. चारच वर्षांत, १९९१ मध्ये, हीच ढाल कर्कपेशींनाही फोडते असं प्रयोगशाळेत दिसलं. (आपल्या पश्चिम घाटातही अशी भांडारं आहेत. पुण्याच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘बहुविस्तार’ असं सुंदर नाव दिलेल्या बेडकाच्या कातडीतून इन्फ्लुएंझाच्या काही विषाणूंना नष्ट करणारं पेप्टाइड मिळालं. ते केरळच्या लवचीक पट्ट्यावरून, उरुमीवरून, ‘उरुमिन’ झालं.)

मॅगेनिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी माळ. फक्त २३ मणी. निसर्गाकडे असे २० प्रकारचे मणी आहेत. त्यांना अक्षरं म्हणू. लायसिन आणि आर्जिनिन ही धन प्रभाराची अक्षरं, पाण्यात रमणारी. ल्युसिन, ट्रिप्टोफॅन, फेनिलॲलानिन ही तेलाकडे ओढ असणारी. पाण्यात ही माळ सैल दोऱ्यासारखी कशीही लोळते. पण ऋण पटलाला टेकली, की क्षणात वळते आणि स्प्रिंग होते!

ही स्प्रिंगच सगळ्या जादूचं मूळ. तिच्या एका वेढ्यात ३.६ अक्षरं बसतात. जुन्या मिनारातला गोल जिना डोळ्यांपुढे आणा. आपल्या या जिन्यात दर तीन-चार पायऱ्यांनी तुम्ही पुन्हा त्याच बाजूच्या खिडकीसमोर येता. आता समजा, दर तिसरं-चौथं अक्षर तेलप्रेमी निवडलं आणि उरलेल्या जागी धन अक्षरं ठेवली. माळ वळल्यावर काय होईल? सगळी तेलप्रेमी अक्षरं एका अंगाला, सगळी धन अक्षरं दुसऱ्या अंगाला! एक बाजू कर्कपेशीच्या ऋण अंगाकडे झेपावणारी, दुसरी पटलाच्या तेलकट गाभ्यात घुसू बघणारी.

आपल्याकडे ज्यांनी लघु-गुरूचे ठोके मोजत वृत्तं पाठ केली आहेत, त्यांना हे लगेच उमगेल. भुजंगप्रयातात शब्द कोणतेही घाला, लघु-गुरू-गुरूची चाल सांभाळली की ओळ सापासारखी सरपटते. पेप्टाइडांचंही तसंच. बेडकाचं मॅगेनिन, रेशीमकिड्यांच्या गोतातल्या पतंगाचं सेक्रोपिन, मधमाशीच्या विषातलं मेलिटिन, तिघांचे शब्द निराळे, वृत्त मात्र जवळचं. १९८२ मध्ये डेव्हिड आयझनबर्ग यांनी या वृत्ताला मापच दिलं. नुसती अक्षरांची ओळ घ्या, प्रत्येक अक्षराची तेलाची ओढ स्प्रिंगवरच्या त्याच्या दिशेसह बेरजेत धरा, आणि एक आकडा मिळतो: ही माळ किती पक्की ‘दुअंगी’ आहे. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता, कागदावर!

वृत्त जुळलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. मेलिटिनच बघा ना. २६ अक्षरं, मधमाशीच्या कोरड्या विषाचा जवळपास अर्धा भाग तेच. कर्कपेशी फोडतं, पण तांबड्या रक्तपेशीही तितक्याच आनंदानं फोडतं. तेलाची ओढ जास्त झाली, की पेप्टाइडला प्रभार बघण्याची गरजच उरत नाही. कोणतंही पटल चालतं. ओढ कमी झाली, की ते कर्कपेशीला नुसतं चिकटून बसतं. मधली वाट कुठे आहे?

शोधायला निघा. २० अक्षरी शब्द घ्या. पहिल्या जागी २० पर्याय, दुसऱ्या जागी २०, असं वीस वेळा गुणत जा. उत्तर येतं १ वर २६ शून्यं, वर थोडे आणखी. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. विश्व जन्मलं त्या क्षणापासून तुम्ही दर सेकंदाला २४ कोटी पेप्टाइडं बनवत आला असतात, तर आत्ता कुठे यादी संपत आली असती. इथे कोणतीही प्रयोगशाळा हात टेकेल. इथे संगणक लागतो.

पहिला मार्ग पाखडण्याचा. चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गजेंद्र राघव यांच्या गटानं २०१३ मध्ये ‘अँटिसीपी’ नावाची संगणकीय पद्धत जगाला खुली केली. तुम्ही अक्षरांची ओळ द्यायची. ती कर्कविरोधी असण्याची शक्यता किती, हे ती सांगते. कसं? ओळीत कोणतं अक्षर किती टक्के, एवढंच मोजलं तरी २० आकडे मिळतात. ते २० आकडे म्हणजे २० मितींच्या आकाशातला एक ठिपका. आपण तीन मितींत वावरणारी माणसं, पण गणिताला वीस मितींत सीमारेषा आखायला काहीच अडचण नाही: रेषेच्या या बाजूला कर्कविरोधी, त्या बाजूला इतर. याच गटानं पुढे जगभरच्या संशोधनातून अशा पेप्टाइडांच्या साडेतीन हजारांच्या आसपास नोंदी एका कोशात गोळा केल्या. एक खंत इथे सांगायलाच हवी. यंत्राला ‘हे चालतं’ची उदाहरणं मिळतात, ‘हे चाललं नाही’ची फार थोडी, कारण फसलेले प्रयोग कुणी छापत नाही. मग ‘नाही’च्या रकान्यात बहुतेकदा ज्ञात प्रथिनांचे कुठले तरी तुकडे घालावे लागतात. जगभरच्या प्रयोगवह्यांत पडून असलेलं अपयश एकत्र आलं, तर ही यंत्रं किती शहाणी होतील!

दुसरा मार्ग मला अधिक थक्क करतो. पाखडण्याऐवजी लिहिण्याचा. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात गिस्बर्ट श्नायडर यांच्या गटानं एक न्यूरल नेटवर्क घेतलं आणि त्याला स्प्रिंगसारखी वळणारी, धन प्रभाराची पेप्टाइडं वाचायला दिली. काम एकच: एकेक अक्षर वाच आणि पुढचं कोणतं येईल ते ओळख. मोबाइलवर तुम्ही टाइप करताना पुढचा शब्द सुचतो ना, तसंच. यंत्राला ना पेशी माहीत, ना पटल, ना कर्करोग. कुणी त्याला ‘३.६’ हा आकडा सांगितला नाही. पण ओळींमागून ओळी वाचून ते वृत्त शिकलं! मग त्याला खास शिकवणी दिली: फक्त २६ ज्ञात कर्कविरोधी पेप्टाइडांची. सव्वीस! आणि मग सांगितलं, आता तू लिही.

त्यानं लिहिलेल्या, आधी कुठेही नसलेल्या ओळींतून १२ निवडून पेप्टाइडं खरोखर बनवली गेली. कसोट्या दोन होत्या. एक, एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्कपेशी. अमेरिकेतल्या एका ननच्या शरीरातून १९७० मध्ये आलेल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या. दुसरी कसोटी आपल्या ओळखीची: तांबड्या रक्तपेशी. ही चाचणी इतकी साधी आहे की नुसत्या डोळ्यांनी समजावी. रक्तपेशींत पेप्टाइड घाला, थोडा वेळ थांबा, नळी गरगर फिरवा. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल साका आणि वर नितळ पाणी. फुटल्या असतील तर वरचं पाणीच लाल.

२०१८ मध्ये निकाल छापून आला. १२ पैकी १० पेप्टाइडांनी कर्कपेशी मारल्या. त्या दहांपैकी ६ पेप्टाइडांनी कर्कपेशी मारताना रक्तपेशींना धक्का लावला नाही. रक्तपेशींच्या मानानं त्यांचा कर्कपेशींवरचा जोर किमान तिप्पट भरला. एक अक्षरही न समजणाऱ्या यंत्रानं लिहिलेल्या १२ ओळी, आणि त्यातल्या निम्म्यांच्या नळ्यांत वर नितळ पाणी.

पण ती माळ पटलाशी नेमकं करते काय? सूक्ष्मदर्शकात हे घडताना अणू-अणूनिशी दिसत नाही. म्हणून संगणकातच पेशीपटलाचा एक तुकडा उभारतात. मेद, पाणी, मीठ, पेप्टाइड, सगळे मिळून लाखभर अणू. प्रत्येक अणूवर बाकीचे किती ओढतात, किती ढकलतात हे काढायचं, त्याला किंचित सरकवायचं, पुन्हा काढायचं. हे ‘किंचित’ पाऊल म्हणजे केवढ्या वेळाचं? सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कोटी. असे दोन कण. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचं चलचित्र हवं असेल तर ५० कोटी पावलं टाकावी लागतात. १९७७ मध्ये एका प्रथिनाचं असं पहिलं चलचित्र झालं तेव्हा ते ९.२ पिकोसेकंदांचं होतं, म्हणजे अशी साडेचार हजारांच्या आसपास पावलं. त्यामागच्या मार्टिन कारप्लस यांना पुढे २०१३ चं नोबेल मायकल लेविट आणि आरिह वॉरशेल यांच्यासोबत मिळालं. याहून लांबचं बघायचं तर आणखी एक युक्ती आहे. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन शहरातल्या संशोधकांनी साधारण चार अणूंचा एक मणी केला आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखं सगळं पटल मण्यांत मांडलं. बारकावा थोडा गेला, पण बघता येणारा वेळ कितीतरी पटींनी लांबला.

या चलचित्रांतून आणि प्रयोगांतून जे उभं राहतं ते असं. सैल माळ तरंगत येते. लायसिनची धन टोकं पीएसच्या ऋण डोक्यांना पकडतात. माळ वळते, स्प्रिंग होते आणि पटलावर आडवी झोपते, तेलप्रेमी अंग खाली. दुसरी येते, तिसरी येते. डोक्यांच्या गर्दीत पाचर मारल्यासारख्या त्या दाटी वाढवतात. खालच्या शेपट्यांना पसरावं लागतं, पटल तिथे पातळ होतं. बराच वेळ दिसायला काहीच घडत नाही. मग एका ठरावीक दाटीनंतर अचानक काही माळा उभ्या होतात आणि बाहेरच्या थराची डोकी वळून वळून आतल्या थराला जाऊन मिळतात. मेदूवड्याचं भोक आठवा: वरची कुरकुरीत बाजू भोकातून सलग खाली जाते आणि खालची बाजू होते. मॅगेनिनचं छिद्र अगदी तसंच! ज्या कोलांटीला एरवी तासन् तास लागतात, तिची वाटच इथे उघडते. काही पेप्टाइडं छिद्राच्या भानगडीतही पडत नाहीत. सतरंजीसारखी पसरतात आणि साबणासारखं पटल विरघळवून टाकतात.

इथे कुलूप-किल्लीचा खेळ नाही, याचा एक विलक्षण पुरावा १९९० चा आहे. ब्रूस मेरीफिल्ड, ज्यांना पेप्टाइडं मणी-मणी जोडून बनवण्याच्या पद्धतीसाठी १९८४ चं नोबेल मिळालं, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मॅगेनिन, सेक्रोपिन, मेलिटिन यांच्या आरशातल्या प्रतिमा बनवल्या. डाव्या हातासाठी शिवलेला हातमोजा उजव्या हातात बसत नाही. किल्ली असती तर उलटी किल्ली कुलपात गेलीच नसती. पण या उलट्या माळांनी जंतू तितक्याच जोमानं मारले! पटलाला डावं-उजवं कळत नाही. आणि शरीरातली पेप्टाइडं कापणारी विकरं मात्र आरशातल्या माळेसमोर गोंधळतात, त्यामुळे ती टिकते. आजचे रचनाकार ही क्लृप्ती मुद्दाम वापरतात, कारण साधं पेप्टाइड रक्तात सोडलं तर विकरं त्याचे लवकरच तुकडे करतात. ही अडचण मोठी आहे. पटल फोडणारी ही पेप्टाइडं कर्करोगाच्या रोजच्या उपचारांत अजून आलेली नाहीत.

पण एक माळ बरीच पुढे गेली आहे, आणि तिचं माहेर आहे गाईचं दूध. दुधात लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं. पोटातलं पेप्सिन त्याला कापतं, तेव्हा २५ अक्षरांचा एक जंतुनाशक तुकडा सुटतो. नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही वर असलेल्या ट्रॉम्सो शहरातल्या संशोधकांनी तो तुकडा अक्षर-अक्षर तासत ९ अक्षरांवर आणला. एलटीएक्स-३१५ हे त्याचं नाव. विकरांनी लवकर कापू नये म्हणून रक्तात न सोडता ते सुईनं थेट गाठीत टोचतात. रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

त्याचं खरं नवल मात्र उंदरांत दिसलं. पीएसच्या पाटीमुळे पेशी गुपचूप गिळली जाते, हे आपण पाहिलं. पण पटल फाटून मेलेली पेशी गुपचूप मरत नाही. तिच्या आतलं सगळं बाहेर सांडतं, तिच्या आजवर लपलेल्या खाणाखुणांसकट, आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या ओल्या पुराव्याभोवती जमतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना ते नऊ अक्षरी पेप्टाइड टोचलं, तेव्हा अनेकांच्या गाठी पूर्ण विरघळल्या. बऱ्या झालेल्या उंदरांना नंतर त्याच कर्करोगाच्या ताज्या पेशी पुन्हा टोचल्या. या वेळी पेप्टाइड दिलं नव्हतं. तरी बहुतेकांत नवी गाठ धरलीच नाही.